कपाटमोजणी आणि पुढचे सहा महिने

५ जानेवारी २०२५, रविवार

काल रात्री कपाटातली दांडी निसटली. धप्पकन आवाज झाला, दिवा लावून बघतो तर हँगरांसकट सगळे शर्ट खाली आणि वर आडवी पडलेली दांडी. मध्ये चांगलीच वाकली होती. बायको म्हणाली, "दांडी नवी आणू, पण त्याआधी हे किती आहे ते एकदा मोज तरी." ती सहज बोलून झोपली. मला झोप लागली नाही.

आज सकाळी मोजायला बसलो. आतले कपडे, मोजे आणि रात्री घालायचे जुनेपाने सोडले. बाकी सगळं पलंगावर टाकलं. शर्ट ४४, टी-शर्ट ३१, पँटी २२, जीन्स ११, जॅकेटं आणि स्वेटर मिळून १७, कोट ३, व्यायामाचे कपडे १९. एकूण १४७.

व्यायामाचे १९! व्यायाम कधी केला ते आठवायला जास्त वेळ लागला.

यातल्या २३ कपड्यांना अजून लेबल तसंच आहे. निळे शर्ट ९ निघाले. ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, हे सगळे एकच आहेत." मी तिला आभाळी, गडद आभाळी, धुरकट निळा असा फरक समजावायला लागलो आणि तिसऱ्या शर्टाला गप्प झालो.

म्हणून हा प्रकल्प. ऑफिसात कुठलंही काम हातात घेतलं की मी नोंदवही उघडतो, इथेही तेच करणार. मुदत ३० जूनपर्यंत. रकमा लिहिणार नाही, खरं तर लाज वाटते म्हणून. मी नेहमी घेतो त्या साध्या पांढऱ्या शर्टाची किंमत म्हणजे '१ शर्ट', आणि सगळा हिशेब त्या मापात.

११ जानेवारी

गेल्या वर्षभराच्या ऑर्डरी मेलमधून खणून काढल्या. दोन संध्याकाळी गेल्या. ऑनलाइन घेतलेले ५८ नग, दुकानातून अंदाजे ९. परत पाठवले फक्त ४. खर्च ९६ शर्ट. हातात येणाऱ्या पगाराच्या १४ टक्के. हिशेब करण्याआधी मी कागदाच्या कोपऱ्यात अंदाज लिहून ठेवला होता: ५ टक्के.

पण नजर अडली ती ऑर्डरींच्या वेळांवर. ५८ पैकी ३८ रात्री दहा ते साडेबाराच्या दरम्यानच्या आहेत. मला वाटायचं, मी कपड्यांचा शौकीन आहे. शौक असता तर तो दुपारी तीनलाही दिसला असता.

१२ जानेवारी

नियम ठरवले. थोडेच ठेवले, कारण भरपूर नियम केले की पहिल्या आठवड्यातच त्यांतून वाटा शोधायला मी तरबेज आहे.

नवा कपडा नाही. एखादा घालता येणार नाही इतका फाटला तरच त्याच्या बदल्यात एक. घ्यावंसं वाटलं की वहीत लिहायचं: किती वाजले, काय बघत होतो, आणि त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. घ्यावंसं वाटलं म्हणून स्वतःला रागवायचं नाही, फक्त लिहायचं. सगळे हँगर उलट्या बाजूने अडकवायचे. घातलेला कपडा धुऊन परत येईल तेव्हा हँगर सुलट करायचा, म्हणजे काय वापरात आहे ते कपाटच सांगेल. घडीच्या कपड्यांसाठी डावा ढीग न घातलेल्यांचा, उजवा घातलेल्यांचा.

आणि सगळ्या ठिकाणी साठवून ठेवलेलं कार्ड पुसून टाकायचं. अॅमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदीचं अमेरिकन पेटंट १९९९ साली मिळालं होतं, ते २०१७ मध्ये संपलं. क्लिक वाचवण्यासाठी पेटंट घेतात, म्हणजे प्रत्येक जास्तीच्या क्लिकला किती गिऱ्हाइकं गळत असतील! मला तेच गळणं हवंय.

कार्डाबद्दल आणखी एक. एमआयटीच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितलं होतं. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने. तिकिटं तीच, पण कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. म्हणून खरेदीची वेळ आलीच तर रोख.

१९ जानेवारी

पहिल्या आठवड्यात वहीत ११ नोंदी. ३४ ठिकाणच्या जाहिरातींच्या मेल बंद केल्या. त्यांतल्या एकाने "जाताय? आम्हाला वाईट वाटतंय" असं कळवून खाली एक जॅकेट दाखवलं. चांगलं होतं जॅकेट. बारावी नोंद.

२ फेब्रुवारी

घसरलो.

गुरुवारी रात्री पावणेबाराला तेच जॅकेट मागवलं. ४ शर्ट. कार्ड पुसलेलं होतं, पण त्यावरचे सोळाच्या सोळा आकडे मला पाठ आहेत. मागचे तीनही. शेजारच्यांचा फोन नंबर पाठ नाही, बायकोच्या वाढदिवसाला दोनदा गडबड झाली आहे, आणि हे आकडे मात्र पाढ्यासारखे बोटांतून उतरले.

त्या दिवशी काय झालं होतं? विशेष काही नाही. संध्याकाळची बैठक लांबली, माझ्या कामावर कोणी बरं बोललं नाही आणि वाईटही बोललं नाही. घरी आलो, जेवलो, सगळे झोपले. मी बाहेरच्या खोलीत एकटा.

शुक्रवारी दिवसभरात पाच वेळा पार्सल कुठवर आलं ते बघितलं. 'निघालं', 'शहरात पोचलं', 'वाटपासाठी बाहेर'. कामाच्या मध्ये हळूच बघायचो आणि बरं वाटायचं. काल सकाळी खोकं आलं. दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आणि उघडलंच नाही! आज दुपारी बायकोने विचारलं, "यात काय आहे?" तेव्हा लक्षात आलं की काल सकाळपासून ते तिथेच पडलंय आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

यावर जरा वाचलं. वोल्फ्राम शुल्त्स या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर प्रयोग केले होते, १९९७ सालचा त्याबद्दलचा लेख गाजलेला आहे. माकडाला अचानक रसाचा घोट मिळाला की त्या पेशी उसळायच्या. पुढे रसाच्या आधी एक खूण दाखवायला लागले. माकडाला खुणेचा अर्थ कळला, तशा पेशी खुणेला उसळायला लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना थंड राहायला लागल्या. माझं माकड करून ठेवायला प्रयोगशाळेचीही गरज नाही, 'वाटपासाठी बाहेर' एवढी खूण पुरते.

जॅकेट न उघडता परत पाठवलं.

१६ फेब्रुवारी

पाच आठवड्यांच्या नोंदी एकत्र केल्या. ४१. कोणता कपडा, कोणता रंग, याचा काहीच मेळ लागत नाही. मेळ लागतो तो शेवटच्या रकान्याचा, 'आधी काय चाललं होतं'. १९ ठिकाणी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट लिहिली आहे: काम संपलं, घर झोपलं, मला झोप नाही. ८ ठिकाणी: उद्या करायचं एखादं नको असलेलं काम. ६ ठिकाणी: दुसऱ्या कोणाच्या अंगावर बघितलं. राहिलेल्या ८ चा धागा सापडत नाही.

१९ नोंदी ओळीने वाचल्यावर जे वाटलं ते लिहून ठेवतो. त्या वेळी मला शर्ट नको असतो. उद्या किंवा परवा आपल्यासाठी काहीतरी येणार आहे, एवढंच हवं असतं. मी वाट बघायला काहीतरी विकत घेत होतो. शर्ट हे त्याचं खोकं.

हे खरं असेल तर कपड्यांवर बंदी घालून भागणार नाही, वाट बघायला दुसरं काहीतरी द्यावं लागेल. दोन गोष्टी करून बघतो. ग्रंथालयात ज्या पुस्तकांना रांग आहे अशांना मुद्दाम नाव लावायचं, एका वेळी तीन. दुसरं, कॉलेजातल्या एका मित्राबरोबर बुद्धिबळ, दिवसाला एकच चाल, मेसेजने. तो दुसऱ्या खंडात राहतो, त्याची चाल माझ्या रात्री उशिरा येते. नेमकी पाहिजे त्या वेळी.

पहिला डाव उद्यापासून. मी पांढरा.

२ मार्च

राखाडी पँट. नोंद लांब आहे, पण तिच्यामुळे बरंच उलगडलं.

दोन वर्षांपूर्वी एक राखाडी पँट घेतली. ती माझ्या कुठल्याच शर्टावर जाईना, म्हणून एक निळा शर्ट. तो शर्ट तपकिरी बुटांवर बरा दिसेना, म्हणून बूट. बूट आले तसा पट्टा. पट्टा, बूट आणि पँट एवढं जमल्यावर वाटलं की यावर थोडा गडद निळाही शोभेल. ऑर्डरींच्या तारखा जुळवून बघितल्या: चार महिन्यांत ७ वस्तू, ११ शर्ट खर्च, आणि सगळ्यांची आई ती एक पँट. ती पँट मला कमरेत घट्ट होते.

फ्रेंच तत्त्वज्ञ दनी दिदरो याच्यावर अडीचशे वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती. त्याला एक झगझगीत नवा झगा मिळाला. तो घालून बसल्यावर त्याची जुनी खुर्ची, टेबल, भिंतीवरची चित्रं सगळीच दरिद्री वाटायला लागली आणि एकेक बदलत गेली. १७६९ साली त्याने जुन्या झग्याबद्दल हळहळणारा निबंधच लिहिला. मी जुन्या झग्याचा मालक होतो, नव्याचा गुलाम झालो, अशा अर्थाचं तो त्यात म्हणतो. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ मध्ये या साखळीला 'दिदरो परिणाम' असं नाव दिलं.

'कशावरही जाईल' असं वाटून घेतलेला कपडा सहसा कशावरच जात नाही, हे मी आता ९ निळ्या शर्टांच्या साक्षीने सांगू शकतो. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. साखळीतली प्रत्येक खरेदी करताना मी उधळपट्टी करतोय असं वाटलंच नाही. उलट, आधीच्या खरेदीचे पैसे सत्कारणी लावतोय असं वाटत होतं.

९ मार्च, रविवार

आज लेबलवाले २३. दार लावून एकेक अंगावर घातला. परीक्षक म्हणून लेक. तिला तीनच शेरे द्यायची परवानगी: "तू", "तू नाहीस", "कोण हा?"

सात कपडे अंगात शिरले नाहीत. हे 'बारीक झाल्यावर' घालायचे होते. मापाने लहान कपडा घेतला की बारीक व्हायला जोर येईल असा माझा सिद्धान्त. चार वर्षं झाली, जोर आला नाही, आणि कपाट उघडलं की रोज सकाळी सात कपडे मला माझं पोट दाखवत होते.

मग "कोण हा?" यांची रांग. भरपूर खिशांचं, गिर्यारोहकाचं जॅकेट. आतून फर लावलेली टोपी. मोठ्या फुलांचा शर्ट. खांद्यावर बटणांची पट्टी असलेला लष्करी कोट. हे घेताना माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस होता. तो डोंगर चढतो, समुद्रकिनाऱ्यावर गिटार वाजवतो, पावसात छत्री न घेता चालतो. मी त्या माणसाला गेली कित्येक वर्षं कपडे पुरवतोय. तो एकदाही आला नाही. हे लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "पण बाबा, पावसात तर तूच जातोस, कचरा टाकायला." त्या कोटातून मी आज कचरा टाकून आलो. कोट उपयोगी आहे!

८ ठेवले. १५ बाहेर.

पंधरापैकी पाच, ज्यांना बरी किंमत येईल असं वाटलं, ते विकायला काढले. कोऱ्या, लेबल न काढलेल्या एका शर्टाला मी पाऊण शर्ट किंमत लावली. पहिली मागणी आली पाव शर्टाची. इतका राग आला की उत्तरच दिलं नाही. तासाभराने स्वतःला विचारलं: हाच शर्ट दुसऱ्या कोणी विकायला काढला असता तर मी काय दिलं असतं? पावच. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये छापलेल्या प्रयोगांत वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग वाटले होते. ज्यांच्या हातात मग होते त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांच्या हातात नव्हते ते द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी मिळालेला मग! माझा शर्ट तर दोन वर्षं माझ्या कपाटात आहे.

पाव शर्टाला दिला. बाकीचे दहा वाटून टाकले. एकच पथ्य पाळलं: नको असलेला कपडा दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही. ज्याला हवा त्याला, विचारून.

२३ मार्च

महिनाभर लक्षात येत होतं की चांगले वाटणारे काही कपडे मी घालत नाही, आणि कारण फालतू असतं. बटण तुटलंय. शिवण उसवलीय. स्वेटरला गोळे आलेत. यातलं प्रत्येक काम दहा मिनिटांचं, पण मी नवा स्वेटर घ्यायला अर्धी रात्र घालवत होतो.

आज सुईदोरा घेऊन बसलो. बटण लावताना खाली काडेपेटीची काडी ठेवायची, तिच्यावरून टाके घालायचे, काडी काढून घ्यायची आणि राहिलेल्या सैल दोऱ्याला बटणाखाली चार वेढे द्यायचे. म्हणजे बटण कापडाला चिकटून बसत नाही, काजात नीट जातं आणि दोरा लवकर तुटत नाही. आई असंच लावायची, तेव्हा वाटायचं की ती उगाच वेळ काढतेय. नऊ बटणं लावली. गोळे खरवडून काढले. सुती आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कापडावर गोळे जास्त टिकतात, कारण पॉलिएस्टरचा तंतू चिवट असतो, गोळा सुटून पडतच नाही. धुताना कपडा उलटा केला की घासणं आतल्या बाजूला होतं. ताणणाऱ्या पँटी गरम हवेत वाळवल्या की त्यातला रबरासारखा धागा मरतो आणि गुडघ्याला पोंगे येतात. माझ्या चार पँटी अशाच गेल्या, आणि मी कंपनीला नावं ठेवली होती.

दोन पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी घडीवर विरल्या आहेत. शिंपी म्हणाले, उलटवून देतो. कॉलर उसवायची, न घासलेली बाजू वर घ्यायची, परत शिवायची. ही सोय असते हेच मी विसरून गेलो होतो.

एलन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेच्या २०१७ च्या अहवालात आहे की पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं, आणि एक कपडा वापरातून जाण्याआधी जितक्या वेळा अंगावर येतो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. त्या ३६ टक्क्यांत माझी नऊ बटणं असणार.

१३ एप्रिल

हँगरांचा निकाल. १३ आठवड्यांत, उरलेल्या १३२ कपड्यांपैकी ५४ एकदा तरी अंगावर आले. ७८ आले नाहीत. ऋतूचं कारण काढून थोडे सोडून दिले, तरी आकडा आकडाच.

एका वापराला पडणारा खर्चही काढला. एक साधा करडा स्वेटर, किंमत २ शर्ट, या १३ आठवड्यांत ३१ वेळा घातला. लष्करी कोट, किंमत ६ शर्ट, वापर ४, चारही वेळा कचरा.

या हिशेबाची एक गोम आहे, ती ठळक लिहून ठेवतो. मागच्या वापरावर तो चोख चालतो. पुढच्या वापरावर तो माझा दलाल होतो. गेल्या मंगळवारी एका महागड्या बुटांच्या जोडीकडे बघत मी मनात मांडत होतो, रोज घातले, पाच वर्षं टिकले, म्हणजे दिवसाला जवळजवळ फुकटच. पाच वर्षं रोज घातलेली एक तरी वस्तू माझ्याकडे आहे का? चष्मा. त्यामुळे नियम: भागाकार फक्त झालेल्या वापराचा.

२७ एप्रिल

महिन्यात ९ नोंदी. एक सेल येऊन गेला. ग्रंथालयातून दोन पुस्तकं आली, एक वाचलं. बुद्धिबळात माझा वजीर गेला.

११ मे

ऑफिसातली एक गोष्ट बरेच दिवस मनात होती: रोज वेगळा कपडा नसला तर लोक काय म्हणतील? यावर थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली छापलेला कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग आहे. विद्यार्थ्याला एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटायचं, निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव.

मी सोमवार ते शुक्रवार एकच शर्ट घातला. रोज रात्री धुऊन. शुक्रवारी दुपारी आमच्या टेबलावरच्या सात जणांना विचारलं, या आठवड्यात माझ्या कपड्यांत काही वेगळं दिसलं का? एकाने विचारलं, "नवीन आहे का हा?" एकीने सांगितलं की मी केस कापले आहेत, जे खरं होतं, पण तीन आठवड्यांपूर्वीचं. बाकीच्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

संध्याकाळी बाहेर पडताना दारावरचे सुरक्षारक्षक काका हळूच म्हणाले, "साहेब, घरी सगळं ठीक ना? पाच दिवस तोच शर्ट." त्यांच्याशी पहिल्यांदाच दहा मिनिटं बोललो. ते स्वतः अकरा वर्षं गणवेशात आहेत. दोन जोड, एक अंगावर, एक दोरीवर.

२५ मे

ताईचा फोन. हा सगळा उपद्व्याप मी तिला सांगितला होता. म्हणाली, "अरे, तू हे हसत हसत लिहितोयस. माझ्या ओळखीत एकीने पार्सलं घरी येऊ नयेत म्हणून दुसऱ्याच्या पत्त्यावर मागवली, कर्ज लपवलं. तिलाही वही लिहायला सांगू का?"

नाही. वही तिथे पुरणार नाही. अनावर खरेदीचं वर्णन एमिल क्रेपेलिन आणि ऑयगेन ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच केलं होतं, त्याला 'ओनिओमेनिया' म्हणायचे. लपवाछपवी, कर्ज, थांबवायचा प्रयत्न करूनही न थांबणं, घेऊन झाल्यावर लगेच अपराधी वाटणं, हे सगळं सोबत असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांचा त्यात उपयोग होताना दिसतो. ताईला एवढंच सांगितलं, आणि तिच्यासोबत पहिल्यांदा तू जा, असंही. लपवायची सवय लागलेल्या माणसाला एकट्याने दार ठोठावणं जड जातं.

फोन ठेवल्यावर आठवलं की मी स्वतःही दोनदा पार्सल ऑफिसात मागवलं होतं. 'घरी कोणी नसतं' म्हणून. घरी असतं कोणीतरी.

८ जून

जिन्यात वाकलो आणि पँट मागून फाटली, शिवणीवर नाही, कापडच. शिंप्यांनी हात जोडले. म्हणजे नियमाप्रमाणे एक.

१५ जून

परत गेलेलं जॅकेट सोडलं तर पाच महिन्यांतली पहिली खरेदी. आठवडा लागला. यादी घेऊन दुकानात गेलो: पँट उलटी करून बघायची, मागच्या शिवणीत माया किती सोडली आहे (पोट वाढलं तर सैल करता येते, कमी झालं तर हसता येतं), काजं सुटलेली नाहीत ना, टाके बारीक आणि सारखे आहेत का, कापड मुठीत आवळून सोडलं तर चुणी किती राहते, खिशाचं कापड पातळ तर नाही. घालून खाली बसायचं, वाकायचं. मी तिथे चांगल्या आठ-दहा उठाबशा काढल्या. विक्रेता मुलगा आधी हसला, मग स्वतःच सांगायला लागला की कुठल्या पँटी शिवणीत उसवून परत येतात.

करडी पँट घेतली. दीड शर्ट. रोख दिले, नोटा मोजून. घरी आलो, हँगरला लावली. झालं.

काहीच वाटलं नाही, हे जरा विचित्र वाटलं. ना आनंद, ना अपराधीपणा. भाजी आणल्यासारखं. बायकोने विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "पँट आहे." ती बराच वेळ हसत होती.

३० जून

शेवटची मोजणी. एप्रिलच्या निकालानंतर न वापरलेल्यांतले २९ टप्प्याटप्प्याने दिले, फाटकी पँट गेली, नवी आली. १०३. अजूनही खूप आहेत. निळे शर्ट ४, लेक म्हणते ते अजून एकच आहेत.

सहा महिन्यांचा कपड्यांवरचा खर्च: पँटीचा दीड शर्ट, दुरुस्तीला मिळून साधारण एक, जॅकेट परत पाठवण्याचा खर्च वेगळा. गेल्या वर्षी एवढ्या काळात ४८ झाला असता. वहीतल्या नोंदी मार्चमध्ये १४, एप्रिलमध्ये ९, मेमध्ये ६, जूनमध्ये ४. शून्य नाही. जूनमधल्या चारपैकी तीन रात्री अकरानंतरच्या, आणि तिन्ही मित्र प्रवासात असताना त्याची चाल येणार नव्हती त्या आठवड्यातल्या. यात मला समाधान वाटावं की काळजी, ते ठरवता येत नाही. खोकं बदललं आहे, वाट बघणं तसंच आहे. बुद्धिबळाला पैसे पडत नाहीत एवढं खरं.

उद्यापासूनचा नियम: महिन्याला पगाराच्या ३ टक्के कपड्यांचे, वेगळ्या पाकिटात, रोख. उरले तर पुढच्या महिन्यात जातात. वही चालू.

दांडी अजून तीच आहे, सरळ करून बसवली. १०३ मध्ये टिकतेय.

कार्डाची मुदत आज संपली. नवं कार्ड पाकिटातून आलं आहे. आकडे न बघता बायकोच्या हातात दिलं आणि मागच्या तीन आकड्यांवर चिकटपट्टी लावायला सांगितलं. देताना वरचे चार दिसलेच. ते जुनेच आहेत, आधीपासून पाठ. बारा राहिले.